साहेबाचं मरण

एकोणीसशे सहासष्ट साल, मार्च महिना, बुधवारचा दुपारचा खेळ. इंग्लंडातल्या लेस्टर गावातल्या एका जुन्या थिएटरात मी बसले होते. मांडीवर चहाचा ट्रे होता आणि समोर रंगमंचावर एक म्हातारा बटलर मरत होता.

तिकडे दुपारच्या खेळाला मध्यंतरात चहा जागेवरच आणून देत. प्रेक्षक म्हणजे बहुतेक वयस्क बायका. पडदा वर गेला तरी त्यांच्या कपबशा वाजतच राहायच्या. त्या दिवशीही वाजत होत्या. मग तो बटलर दिवाणखान्यातल्या मालकाच्या खुर्चीत बसला, आणि सगळ्या कपबशा गप्प झाल्या. त्याने पायांतल्या सपाता काढल्या. एक सरळ ठेवली. दुसरी उपडी करून पहिलीवर झाकण घालावं तशी ठेवली. मग उजव्या हाताची मूठ छातीशी धरली, ओठ घट्ट मिटले, आणि त्याचा डावा हात हवेत हलू लागला. बोटं काहीतरी उचलत होती, पलीकडे टाकत होती, पुन्हा उचलत होती. हलता हलता ती थांबली आणि मान खाली गेली.

शेजारची बाई माझ्याकडे वाकून म्हणाली, "हा फार सुरेख मरतो. याला घेतातच त्यासाठी."

माझ्या डोक्याची कातडी मागून कुणी ओढल्यासारखी झाली होती. पाच वर्षांपूर्वी देवळालीतही अशीच झाली होती.

देवळाली माझं माहेर. नाशिकजवळचं लष्करी छावणीचं गाव. माझे वडील, आप्पा, तिथे शिंपी होते. रंगनाथ माळवदे. गोऱ्या सोल्जरांचे गणवेश सैल-घट्ट करून द्यायचे. लढाईच्या दिवसांत छावणीत सोल्जरांनी आपसांत नाटकमंडळी काढली होती. त्यांत बाई नव्हती, म्हणून पोरगेलेसे गोरे बायकांचे झगे घालून नाचायचे, आणि ते झगे आप्पा शिवायचे. चव्वेचाळीस साली ही मंडळी आसामकडे, लढणाऱ्या फौजेची करमणूक करायला निघाली. आप्पांना म्हणाले, दोन महिन्यांसाठी चल, पगार दुप्पट. आप्पा गेले. मी सात वर्षांची होते.

आप्पा परत आले नाहीत. आले नाहीत आणि गेले असंही कुणी सांगितलं नाही. फौजेच्या नोंदीत त्यांचं नाव नव्हतं, कारण त्यांना फौजेने ठेवलं नव्हतं, मंडळीने ठेवलं होतं. मंडळी कुठे पांगली ते कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे इंग्रजच गेला. मग विचारायचं तरी कुणाला?

आई कुंकू लावत राहिली. रोज रात्री एक भाकरी वेगळी झाकून ठेवायची आणि सकाळी ती कुस्करून आम्हाला द्यायची. वडाला फेरे घालायची. बारा वर्षं उलटली तेव्हा भाऊबंद आले. म्हणाले, आता दर्भाचा पुतळा करून, तो जाळून क्रिया उरकून टाका, मुलीचं लग्न व्हायचंय, घरात असं लटकतं ठेवू नये. आई म्हणाली, "माणसाचा पत्ता नाही आणि पुतळा कुणाचा करता?" ते गेले ते माझ्या लग्नालाच आले.

लग्नाआधीच्या वर्षी, एकसष्ट साली, छावणीतल्या टॉकीजमध्ये एक इंग्रजी सिनेमा लागला. धाकटा भाऊ तिथे तिकिटं फाडायला होता, त्याने मला आणि आईला फुकट बसवलं. सिनेमा काही कळत नव्हता. त्यात एक म्हातारा स्टेशनमास्तर होता. तो आपल्या खोलीत आला, सपाता काढल्या, एक सरळ ठेवली आणि दुसरी तिच्यावर उपडी ठेवली.

हे फक्त आप्पा करायचे. दुकानात खाली टाचण्या-सुया सांडलेल्या असत. चपलेत एखादी पडली तर पायात घुसायची, म्हणून ते चपलेवर चप्पल पालथी घालत. घरीही तसंच. हाताला सवयच होती.

मी आईकडे पाहिलं. आई उठली होती. "पंखा लागत नाही गं इथं," म्हणाली आणि अंधारातून वाट काढत बाहेर गेली. मी मात्र तो स्टेशनमास्तर मरेपर्यंत बसून राहिले. त्याने मूठ छातीशी धरली, ओठ मिटले, हात हलवला, आणि माझ्या डोक्याची कातडी ओढली गेली. का, ते कळलं नाही.

लग्नानंतर मी यजमानांबरोबर इंग्लंडला आले. हे मोज्यांच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीवर होते. त्या नटाचं नाव मला ठाऊक नव्हतं, तोंडच तेवढं लक्षात होतं. आणि एक दिवस बसच्या थांब्यावर नाटकाच्या जाहिरातीत ते तोंड दिसलं. नाव चौथं होतं, बारीक अक्षरांत. सिरिल हॅदरली.

रात्री ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "द्वारका, जगात काय एकच शिंपी आहे? चपला कशा ठेवायच्या याचं काय तुझ्या बापाने पेटंट घेतलं होतं?"

"नाही घेतलं. विचारायला काय जातं?"

"विचार. पण कोट घालून जा, थंडी आहे." ह्यांचा विरोध इतकाच असे.

खेळ सुटल्यावर मी मागच्या बाजूच्या दाराशी गेले. तिथे एक जाडजूड बाई हातात इस्त्रीचे कपडे घेऊन उभी होती. तिचं नाव ग्लॅडिस. नटांना कपडे चढवायचे, उतरवायचे, हे तिचं काम.

"मला हॅदरलीसाहेबांना भेटायचंय," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे, कोटाखाली दिसणाऱ्या साडीकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "सिरिलला? पोरी, नक्की त्यालाच ना? हीरो वरच्या मजल्यावर आहे."

"त्यांनाच."

"मग ये. आज त्याला आनंदाने ताप येणार. त्याला भेटायला कुणी येत नाही."

ती मला जिन्याखालच्या एका खोलीत घेऊन गेली. खोली एवढीशी. आरशाभोवती दिवे, आरशासमोर एकच स्टूल. ग्लॅडिसने मला त्या स्टुलावर बसवलं. बटलर मागे भिंतीला टेकून उभा राहिला, कारण दुसरी जागाच नव्हती. त्याने पांढऱ्या केसांचा टोप काढला आणि आतून चाळिशीतला, विरळ केसांचा माणूस निघाला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "मी तिशीपासून म्हातारा आहे. हीरो व्हायला हनुवटी लागते, ती मला देवाने दिली नाही. म्हणून बटलर, पाद्री, पोलीस, स्टेशनमास्तर. बसमध्ये लोक मला ओळखतात. त्यांना वाटतं, मी त्यांचा जुना दाताचा डॉक्टर."

"एकदा एका बाईने याला तोंड उघडून दाखवलं," ग्लॅडिस म्हणाली.

"दाखवलं. आणि दाढ खरंच किडलेली होती." तो हसला. "बोला बाई, माझी कुठली भूमिका तुम्हाला आवडली? खोटं सांगितलंत तरी चालेल."

मी पाठ करून आले होते ते सगळं विसरले. मी विचारलं, "तुम्ही देवळालीत होतात का?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण जागच्या जागी वाळलं.

"होतो," तो म्हणाला. "आमच्याकडे वेड लागलेल्या माणसाला तुमच्या गावाचं नाव देतात, ठाऊक आहे? बोटीची वाट बघत बघत तिथे आमची डोकी फिरायची. तुम्ही तिथल्या?"

"तिथे नाटकमंडळीचे झगे एक शिंपी शिवायचे."

"मास्टर," तो लगेच म्हणाला. मग थांबला. ग्लॅडिसने कपडे खुंटीला अडकवले आणि तीही थांबली.

"तुम्ही त्यांना ओळखता?" मी विचारलं.

"मी मंडळीत बाई व्हायचो. गुलाबी साटिनचा झगा होता माझा. मास्टर माझ्या अंगावर टाचण्या लावायचा आणि म्हणायचा, हिलो मत. मी मुद्दाम हलायचो. तेवढंच हिंदुस्थानी मला येतं, बाई. हिलो मत. पण तुम्ही..."

"ते माझे वडील."

ग्लॅडिसने कोपऱ्यातल्या किटलीखालचा गॅस बंद केला.

"ते कुठे आहेत?" मी विचारलं. मूर्खासारखा प्रश्न होता. पण बावीस वर्षं घरात तोच प्रश्न होता, तोच तोंडातून आला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही आत्ताच पाहिलंत."

मी आरशातून त्याच्याकडे पाहत होते. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"आसामात एक स्टेशन होतं. पुढची गाडी येईना. त्याला ताप चढला होता. सगळ्यांनाच चढत होता, कुणी मनावर घेतलं नाही. झग्यांच्या पेटीवर तो बसला होता. चपला काढल्या, तशा एकीवर एक ठेवल्या. मी समोर, हातभर अंतरावर होतो. मला कळलं, हा आता चाललाय. आणि मी..." तो थांबला. "कुणीही त्याचा हात धरला असता. मी बघत बसलो. मी बावीस वर्षांचा होतो, मला नट व्हायचं होतं, आणि माणूस कसा मरतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी एकेक बोट पाठ केलं."

"सिरिल," ग्लॅडिस म्हणाली.

"मग गाडी आली. स्टेशनातल्या लोकांनी त्याला तिथेच नदीकाठी नेलं. लाकडं होती, आग दिली, एवढं मी गाडीतून पाहिलं. त्याचं नाव काय, गाव कुठलं, मी कधी विचारलंच नव्हतं. मास्टर होता तो. मायदेशी आलो तर कुणी काम देईना. एका नाटकात मला मरायचं होतं. मी त्याच्यासारखा मेलो. दुसऱ्या दिवशी पेपरात माझं नाव आलं. लिहिलं होतं, या माणसाने ओठांआड एखादं रहस्य दाबून धरलंय. तेव्हापासून मी त्याच्याच मरणावर जगतोय."

बाहेरच्या बोळात कुणीतरी गाणं म्हणत गेलं. मी विचारलं, "पुन्हा करून दाखवाल?"

"इथे?"

"इथे."

तो माझ्या मागे उभा होता. त्याने एक मूठ छातीशी धरली, ओठ मिटले, आणि दुसरा हात हलू लागला. आरशात पुढे माझं डोकं, मागे तो, आणि माझ्या डोक्याआडून वर येणारी, पलीकडे जाणारी त्याची बोटं.

ती माझ्या केसांत होती. म्हणजे माझ्या केसांना त्याचा हात लागला नव्हता. पण कातडी ओढली गेली, आणि या वेळी का ते मला कळलं.

सकाळी धाकट्याचं करताना आईला फुरसत नसे. तिने घातलेली वेणी सैल पण व्हायची. म्हणून आप्पा मला दुकानात नेत, गिऱ्हाइकांच्या उंच आरशासमोर उभं करत, आणि मागे बसून माझी वेणी घालत. लहानपणी मशीनची सुई घुसून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली होती. म्हणून दोन पेड ते त्या मुठीत गच्च धरत आणि तिसरा उजव्या हाताने घालत. हलू नकोस, म्हणत. आणि ओठ मिटलेले असत, कारण ओठांत रिबीन धरलेली असे. गुलाबी साटिनची, गोऱ्यांच्या झग्यातून उरलेली.

"हात बदला," मी म्हटलं.

"काय?"

"मूठ डावी. घालायचा हात उजवा. तुम्ही समोरून बघून उचललंत, म्हणून उलटं झालंय."

तो क्षणभर स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. इतकी वर्षं नटाचं पोट भरलेले ते हात. मग त्याने हात बदलले, आणि आरशात माझे आप्पा आले. पण पस्तिशीत गेलेले आप्पा नव्हेत. चाळिशी ओलांडलेले, केस विरळ झालेले. मी कधी न पाहिलेले.

"तो काय करत होता?" सिरिलने विचारलं. "मला वाटायचं दोरी वळतोय. कधी वाटायचं जपमाळ. एका दिग्दर्शकाला मी सांगितलं, हा मनातल्या मनात आपलं कफन विणतोय. त्याला ते फार आवडलं."

"माझी वेणी घालत होते," मी म्हटलं. "ओठांत रिबीन आहे."

ग्लॅडिस किटलीकडे तोंड करून उभी राहिली.

सिरिल म्हणाला, "बाई, मी हे आता करणार नाही. आजपासून नाही. तुमचं आहे ते."

"मग मी त्यांना बघू कुठे?"

त्याने टोप उचलला आणि पुन्हा ठेवला. मी म्हटलं, "करा. पण अर्धी वेणी सोडू नका. शेवटी रिबीन ओठांतून काढून बांधायची. दोन फासे. मग वेणीवर हलकेच चापट मारायची आणि म्हणायचं, झालं, पळ आता. म्हणायचं राहू दे. चापट मारा."

त्याने मला बोटांनी दोन फासे करून दाखवायला लावले. एकदा, मग पुन्हा. शिकाऊ पोरासारखा तो बघत होता.

संध्याकाळच्या खेळाला ग्लॅडिसने मला रंगमंचाच्या कडेला, पडद्याच्या आड एका खोक्यावर बसवलं. "हलू नकोस," म्हणाली. तिला काय ठाऊक.

बटलर खुर्चीत बसला. सपाता काढल्या, एकीवर एक ठेवल्या. डावी मूठ छातीशी, उजवा हात हवेत. पेड घातले गेले. मग हात वर गेला, ओठांपाशी थांबला, आणि ओठ उघडले. त्याने काहीतरी बांधलं, अगदी सावकाश, आणि हवेत हलकेच चापट मारली. मान खाली गेली. पुढचं वाक्य ज्या नटीचं होतं ती बोललीच नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि सगळं थिएटर तिच्याबरोबर.

माझ्या डोक्याची कातडी सैल झाली. मी अंबाड्याला हात लावून पाहिला. तो जागेवर होता.

दोन वर्षांनी देवळालीला गेले तेव्हा हे सगळं आईला कसं सांगायचं, याचाच घोर मनाला होता. बोटीवर मी शब्द जुळवले आणि मोडले. पोचल्यावर चौथ्या दिवशी आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती, कपाळावर कुंकू ठसठशीत. माझं लक्ष गेलं, ती वेगळी भाकरी झाकलेली नव्हती.

"आई, आप्पांची भाकरी?"

"ती बंद केली."

"कधी?"

"तू सासरी गेलीस तेव्हा. ठरवलं होतं मात्र तो सिनेमा बघितला तेव्हाच."

मी तिच्याजवळ बसले. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"त्या साहेबाने सपाता ठेवल्या तेव्हाच कळलं. हे त्यानं कुणाचं बघितलंय ते." तिने भाकरी उलटली. "ज्याचं बघितलं, तो काही हसतखेळत सपाता काढत नव्हता. साहेबाच्या तोंडावर होतं ते."

मी मग सगळं सांगितलं. स्टेशन, पेटी, नदीकाठ, वेणी. ती ऐकत राहिली. वेणीचं ऐकल्यावर तिने एकदा डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "माझी वेणी सैल होते म्हणायचे."

"आई, मग हे कुंकू?"

"का? तू मेलेला बघितलास तो साहेब. ह्यांना आपण कुठं बघितलंय?"

तिने पुढचा गोळा थापायला घेतला.

आता त्यातलं कुणी उरलं नाही. हे जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत ते म्हणत, पेटंट होतं बुवा तुझ्या बापाचं. ग्लॅडिस थिएटर पाडेपर्यंत तिथेच होती. मग मुलीकडे गेली. नाताळला तिचा फोन यायचा. सिरिल हॅदरलीचं नाव चौथ्याच्या वर कधी गेलं नाही, पण तो कितीतरी सिनेमांत मेला, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वेणी घालून मेला. खरा गेला तो समुद्रकाठच्या एका वृद्धाश्रमात, झोपेत. ग्लॅडिसने सांगितलं, पलंगाखाली त्याच्या सपाता होत्या, एक सरळ आणि तिच्यावर दुसरी उपडी. तिथल्या नर्सला वाटायचं, म्हातारपणी माणूस विसरतो.

आई त्याच्या बऱ्याच आधी गेली, एक्क्याऐंशी साली. मी पोचले तेव्हा अंगणात भाऊबंद जमले होते आणि आत बायका लुगड्यावरून अडल्या होत्या. सवाष्ण म्हणून हिरवं नेसवून ओटी भरायची, की विधवा म्हणून पांढरं? नवऱ्याचा पत्ता नाही, क्रिया झालेली नाही, शास्त्र काय म्हणतं? भाऊ खाली मान घालून उभा होता. चुलती मला म्हणाली, "तू मोठी. तू सांग. तुझ्या बापाचं काही कळलं होतं का कधी?"

मी आईच्या उशाशी बसले. तिचे केस सुटले होते, पांढरे, थोडेसेच. दोन पेड मी मुठीत धरले आणि तिसरा घातला. वेणी झाल्यावर सांगितलं, "नाही कळलं. हिरवं नेसवा."